गावात राहून, सगळी वाद्यं स्वतः वाजवून रॉकमधे करिअर होतं का? रेमो फर्नांडिसने नक्की काय केलं होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळकडचा एक मुलगा मालवणी-मराठीत स्वतःची गाणी लिहितो, गिटार आणि की-बोर्ड वाजवतो, थोडी बासरी येते, बँड काही टिकत नाही म्हणून आता एकट्यानेच सगळं रेकॉर्ड करायचं म्हणतोय, आणि त्याला विचारायचंय की गोव्याचा गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस याला जे जमलं ते आज जमेल का, की सरळ मुंबई गाठावी. मी बरीच वर्षं लाइव्ह बेस गिटार वाजवतोय, एक छोटा स्टुडिओ पण चालवतो, आणि हाच प्रश्न घेऊन येणारी मुलं मला दरवर्षी भेटतात, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो. अरे-तुरे करतोय, वाईट वाटून घेऊ नकोस.

रेमोचं नाव काढलं की आपल्याकडे लोकांना आठवतं हम्मा हम्मा. ते गाणं १९९५ चं, ‘बॉम्बे’ सिनेमातलं. पण तू ज्या गोष्टीबद्दल विचारतोयस ती त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीची आहे, १९८४ ते १९८७ या चार वर्षांची, आणि माझ्या मते त्याचं सगळं करिअर त्या चार वर्षांवर उभं आहे. हिंदी सिनेमा नंतर आला, आणि आला तो सुद्धा या चार वर्षांमुळेच.

त्याच्या आधीचं बॅकग्राउंड माहीत असलं पाहिजे, नाहीतर त्याने काय वेगळं केलं ते कळत नाही. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासून चर्चच्या शाळांमधे पोरांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, त्यामुळे विसाव्या शतकात मुंबईच्या फिल्म स्टुडिओंना नोटेशन वाचणारे वादक पाहिजे होते तेव्हा ते आले गोव्यातून. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ही सगळी माणसं. सेबॅस्टियन शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारे, अँथनी गोन्साल्विस मजोर्ड्याचे, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. हिंदी गाण्यांमधे आपल्याला जे व्हायोलिनचे ताफे आणि ट्रम्पेट ऐकू येतात त्यात या लोकांचा केवढा हात आहे, पण रेकॉर्डच्या कव्हरवर नाव संगीतकाराचं. म्हणजे गोव्याच्या वादकाने मुंबईला जायचं, उत्तम पगार घ्यायचा आणि दुसऱ्याच्या नावामागे राहायचं, हा ठरलेला रस्ता होता. दुसरा रस्ता कोकणी गाण्यांचा, तियात्र म्हणजे गोव्यातली गाण्यांची कोकणी नाटकं आणि क्रिस पेरी-लोर्ना यांच्यासारख्यांचा, आणि तिसरा हॉटेलांत इंग्लिश कव्हर वाजवण्याचा. स्वतः लिहिलेलं रॉक, गावात बसून, स्वतःच्या नावावर, हा रस्ताच नव्हता.

रेमोचा जन्म १९५३ चा, म्हणजे १९६१ मधे गोवा मुक्त झाला तेव्हा हा आठ वर्षांचा. घरात पोर्तुगीज गाणी, बाहेर कोकणी, आणि रेकॉर्डवर रॉक अँड रोल. शाळेत बँड केला, मग आर्किटेक्चर शिकायला मुंबईत जेजेला आला आणि तिथे सॅव्हेजेस या त्या काळच्या नावाजलेल्या बँडमधे वाजवलं. डिग्री घेतली, मग १९७७ पासून दोन-तीन वर्षं युरोप आणि उत्तर आफ्रिका हिचहाइक करत फिरला, तिथे फ्यूजन बँडमधे वाजवलं आणि परत गोव्यात आला. हा भाग लोक रोमँटिक करून सांगतात, मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, की तो परत आला तेव्हा त्याच्या हातात गिटार होती, बासरी होती, आणि आर्किटेक्टची एक सवय होती. आधी पूर्ण आराखडा डोक्यात तयार करायचा आणि मग वीट रचायची. एकट्याने अल्बम करायला ही सवय फार लागते, पुढे सांगतो.

मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांकडे तो गेला होता. भारतात इंग्लिश गाणी, ती पण स्वतःची, कोण घेणार, हिंदीत डिस्को वगैरे कर, असंच उत्तर मिळालं. मग त्याने गोव्यात शिवोली गावातल्या आपल्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम केला, १९८४ साली. शब्द त्याचे, चाली त्याच्या, सगळी वाद्यं त्यानेच वाजवली, सगळे आवाज त्याचे, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग त्याचं, कव्हर त्यानेच काढलं, आणि कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवर घालून गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः देऊन आला. पुढच्या वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’, १९८६ ला ‘पॅक दॅट स्मॅक’, १९८७ ला ‘बॉम्बे सिटी’. दरवर्षी एक.

आता चार ट्रॅक म्हणजे काय ते नीट समजून घे, ट्रॅक म्हणजे एका वाद्याचं किंवा आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंग ठेवायची पट्टी, कारण तुझ्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडतात आणि तिथेच गाणं मरतं. साध्या कॅसेटमधे दोन बाजूंचे मिळून चार पट्टे असतात, हे मशीन ते चारही एकाच दिशेने वापरतं. म्हणजे एका वेळी चारच गोष्टी. ड्रम, बेस, ऱ्हिदम गिटार वाजवलं की तीन संपले. मग ते तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे, याला बाउन्स म्हणतात, आणि पहिले तीन पुसून त्यावर बासरी, दुसरी गिटार, आवाज घ्यायचे. एकदा पुसलं की परत मागे नाही. बेस जास्त झालाय असं आवाज घेताना लक्षात आलं तर काही करता येत नाही, पहिल्यापासून वाजवावं लागतं. प्रत्येक बाउन्सला टेपचा हिस, म्हणजे मागची सूं-सूं, वाढतो आणि वरच्या फ्रीक्वेन्सी कमी होतात, म्हणजे झांजेचा आणि हायहॅटचा चकचकीतपणा सगळ्यात आधी जातो, त्यामुळे कुठली गोष्ट आधी वाजवायची आणि कुठली शेवटी ठेवायची हे सुद्धा आधीच ठरवावं लागतं. म्हणजे पहिला ठोका घ्यायच्या आधी शेवटचं मिक्स डोक्यात ऐकू आलं पाहिजे. आराखड्याची सवय म्हणालो ती ही.

तुला यातून करण्यासारखं काय, तर स्वतःवर बंधन घाल. पहिली काही गाणी आठ ट्रॅकमधेच पूर्ण करायची, आणि ड्रम-बेस झाले की एकत्र एक्सपोर्ट करून मूळ फाइल बंद करून टाकायची. सुरुवातीला त्रास होईल. पण अरेंजमेंट करायला याच्याइतकं कोणी शिकवत नाही. दुसरं, अनेक वाद्यं वाजवणाऱ्याची एक खोड असते, येतंय म्हणून वाजवतो. माझ्याकडे अशी खूप रेकॉर्डिंग येतात, की-बोर्डचा डावा हात, बेस आणि गिटारच्या खालच्या तारा तिघंही एकाच जागेत भांडतायत कारण तिघांचा मालक एकच आहे आणि त्याला कोणाला गप्प करवत नाही. बँडमधे बेसवाला वैतागून बोलतो तरी, इथे कोण बोलणार. म्हणून बेस हा की-बोर्ड किंवा गिटार आधी वाजवून मग भरायची जागा समजू नकोस, ड्रमनंतर लगेच बेस वाजव आणि त्या दोघांवर नुसता आवाज टाकून बघ गाणं उभं राहतंय का. राहत असेल तर बाकीचं थोडंच लागेल. गाइड आवाज, म्हणजे अंदाजासाठी गाऊन ठेवलेलं कच्चं गाणं, मात्र अगदी पहिल्यापासून ठेव, नाहीतर तू ओळींच्या मधल्या जागा वाद्यांनी भरून टाकशील आणि गाताना श्वास घ्यायला जागा उरणार नाही.

एकट्याने करण्याचे तोटे पण खरेच आहेत. सगळीकडे एकाच माणसाचा हात असला की ग्रूव्ह, म्हणजे तालाचा झोका, सपाट होतो, कारण दोन माणसं वाजवतात तेव्हा एक किंचित पुढे एक किंचित मागे असतो आणि त्या ओढाताणीत जी मजा आहे ती एकट्याला कष्टाने आणावी लागते. रेमोच्या त्या काळातल्या रेकॉर्डिंगचा साउंड आज ऐकताना जुना वाटतो हे मान्य, पण गाणी टिकली. आणि लाइव्हसाठी त्याने सुद्धा पुढे बँड ठेवलाच, मायक्रोवेव्ह पापडम्स नाव होतं. तेव्हा रेकॉर्डिंग एकट्याने आणि स्टेजवर माणसं, ही विभागणी तुझ्यासाठी पण बरी आहे. कार्यक्रमापुरते वादक मिळतात रे, वर्षभर बँड टिकवणं अवघड असतं, ती वेगळी गोष्ट.

आता गाण्यांच्या विषयाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. १९८१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या जेमतेम दहा लाख होती. इतक्या छोट्या जागेत इंग्लिश रॉक गाऊन एखादा माणूस घराघरात कसा पोचला? तर तो त्यांच्याबद्दल गात होता म्हणून. गोव्याची माणसं, त्यांच्या सवयी, किनाऱ्यावर आलेली ड्रग्ज, राजकारणी. ‘पॅक दॅट स्मॅक’ हे हेरॉइनच्या विरोधातलं आहे, आणि ते अशा काळात अशा जागी केलंय जिथे हणजुण्यापासून पुढचा सगळा किनारा त्या प्रश्नाने पोखरला जात होता. रॉकवाल्याकडून लोकांची अपेक्षा उलटी असते, त्यामुळे ते जास्त लागलं. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले तेव्हा त्यांच्यासमोर याने गोव्यात काय बरं आहे आणि काय बिघडलंय याची यादीच गाण्यातून वाचून दाखवली, स्थानिक पुढारी भडकले, पाहुण्याचा अपमान केला म्हणून आरडाओरडा झाला, आणि नंतर खुद्द राजीव गांधींनी गाणं आवडल्याचं पत्र पाठवल्यावर तो थांबला. हे धाडस म्हणून तर मोठं आहेच, पण कलाकाराच्या नजरेने बघ, आपल्या श्रोत्यांच्या मनातलं त्यांच्या वतीने बोलणारा माणूस अशी त्याची जागा तयार झाली. ती जागा जाहिरातीने मिळत नाही.

आणि दुसरा अल्बम बघ. पहिला सगळा स्वतःच्या गाण्यांचा, आणि तो चालल्यावर लगेच त्याने काय केलं, तर गोव्याची जुनी पारंपरिक गाणी घेऊन स्वतःच्या पद्धतीने बांधली. मला ही त्याची फार शहाणी चाल वाटते. ज्या घरात पोरं ‘गोअन क्रेझी’ लावत असतील आणि आजी कपाळाला आठ्या घालत असेल त्याच घरात आता आजीसाठी पण कॅसेट आली. शिवाय जुनी चाल बांधताना तुम्हाला कळतं की आपल्या मातीतल्या चाली कुठे वळतात, कुठे थांबतात, ते मग नव्या गाण्यांत आपोआप उतरतं. तू दशावतार ऐकत मोठा झालास ना, हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांचा तो जो सपाटून येणारा आवाज आहे तो तुझ्या कानात आहे आणि पुण्यातल्या कुठल्याही गिटारवाल्याच्या कानात नाही. भजनाच्या बाऱ्या ऐकल्यास, गजर कसा चढत जातो ते तुला माहितीय. हे सगळं सोडून तू मला पाठवलेल्या तीन गाण्यांपैकी दोन गाण्यांत अमेरिकन हायवेवरची उदासी आहे, शब्द फक्त मालवणी. तिसरं, ते मच्छीमार आणि पर्ससीनची मोठी जाळी टाकणाऱ्या बोटींवालं, ते मात्र खरं आहे, त्यातला राग तुझा आहे. त्या गाण्यापासून सुरुवात कर.

सिंधुदुर्गची लोकसंख्या २०११ मधे साडेआठ लाख होती, म्हणजे रेमोच्या तेव्हाच्या गोव्याच्या आसपासच. त्याशिवाय मुंबईत गेलेला चाकरमानी, तो गणपतीला येतो आणि जाताना गावाची आठवण सोबत नेतो. तुझा श्रोता तो आहे. लहान नाहीये हा आकडा.

बाकी भाषेचं म्हणशील तर रेमो इंग्लिश, कोकणी, पोर्तुगीज, फ्रेंच, हिंदी सगळ्यात गायला, त्याने भाषेचं फार अवडंबर केलं नाही, आणि तू पण करू नकोस.

सिनेमा कसा आला ते सांगतो. श्याम बेनेगलांनी गोव्यावर ‘त्रिकाल’ केला, १९८५, त्यात रेमोची गाणी आहेत आणि तो पडद्यावर पण दिसतो. मग १९८७ चा ‘जलवा’, त्याचं टायटल साँग, आणि तिथून हिंदीवाल्यांना हा आवाज कळला. पुढे ‘बॉम्बे’, मग १९९६ ला ‘खामोशी’, १९९८ ला ‘प्यार तो होना ही था’. लक्षात घे, यातला एकही सिनेमा मिळवायला तो स्टुडिओच्या बाहेर रांगेत उभा नव्हता. ‘खामोशी’ गोव्यातच घडतो, ‘त्रिकाल’ गोव्याचा, ‘जलवा’ पण गोव्यातला, म्हणजे ज्यांना गोव्याचा आवाज पाहिजे होता ते त्याच्याकडे आले. मोठ्या कंपन्या पण त्या घरच्या कॅसेटची हवा झाल्यावरच आल्या. आणि आधीची पिढी मुंबईला जाऊन नावामागे राहिली, हा शिवोलीत राहिला आणि त्याला त्याच्या नावाने बोलावलं गेलं. २००७ मधे पद्मश्री मिळाली. हिंदी पॉपच्या लाटेत त्याने १९९८ ला ‘ओ मेरी मुन्नी’ पण केलं, ते खूप वाजलं, मला स्वतःला ते त्याच्या कामात खालच्या पायरीवरचं वाटतं, तुझं मत वेगळं असू शकेल.

इथे कोणी म्हणेल की तो एकटा नशीबवान. तसं पण नाही, आणि फक्त गुणवत्तेवर होतं असं पण नाही. कोलकात्यात १९७५ च्या सुमारास मोहिनेर घोडागुली नावाचा बंगाली बँड निघाला, गौतम चट्टोपाध्याय त्यांचे प्रमुख, बाउल हे बंगालचं लोकसंगीत आणि रॉक एकत्र करणारं केवढं पुढचं काम, तेव्हा कोणी विचारलं नाही, बँड फुटला, आणि नव्वदच्या दशकात नव्या पोरांनी ती गाणी उचलल्यावर ते दैवत झाले. गाणी दोन्हीकडे उत्तमच होती. फरक मला दिसतो तो हा की रेमोने गाणं दुकानात पोचवण्याचं काम पण गाण्याचंच काम धरलं. स्कूटरचा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात, मला ते त्याच्या करिअरचं अर्धं रहस्य वाटतं. दुकानदाराला भेटलास की तो सांगतो कोण घेतंय, कुठलं गाणं लावायला सांगतायत, शिवाय मधे कोणी नसल्यामुळे पैसे पण थेट हातात.

आजची स्कूटर म्हणजे काय? गाणं स्ट्रीमिंगला टाकणं सोपं आहे, वर्षाची फी भरली की डिस्ट्रिब्युटर सगळीकडे टाकतो, पण त्यातून महिना चालेल असे पैसे येतील अशी आशा धरू नकोस. पैसे येतात कार्यक्रमातून. जत्रा, गणेशोत्सव मंडळं, कॉलेजं, मुंबईतली कोकणी मंडळं, आणि हो, हॉटेलमधली कव्हरची गिग. कव्हर वाजवण्यात कमीपणा नाही, हात चालू राहतो आणि लोकांसमोर उभं राहायची भीती जाते. फक्त प्रत्येक सेटमधे एक गाणं स्वतःचं घुसवायचं, न सांगता, आणि बघायचं लोक बाथरूमला जातात का थांबतात. इतकी प्रामाणिक प्रतिक्रिया ऑनलाइन मिळत नाही.

हक्कांचं मात्र आत्ताच नीट कर. गाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी म्हणजे ते रेकॉर्डिंग. एकट्याने सगळं करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की गीतकार, संगीतकार, गायक आणि निर्माता चारही तूच आहेस. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहीने सोडून देता येत नाही, कंपनीने लिहून घेतला तरी. तो वाटा गोळा करायला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सभासद व्हावं लागतं, गायक म्हणून आयसमराचं (ISAMRA, आधीचं नाव आयएसआरए), आणि बहुतेक पोरं तिथे नाव नोंदवतच नाहीत. कोणी लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, आलं आणि एकरकमी पैसे देऊन मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, मागायला लागलं तर पहिला अल्बम देऊ नकोस, पाहिजे तर काही वर्षांच्या लायसन्सवर दे आणि मुदत संपली की परत आपल्याकडे येणार असं कागदावर लिहून घे. कार्यक्रमापुरता ड्रमर आणलास आणि त्याने रेकॉर्डिंगमधे पण वाजवलं, तर त्याला किती दिले आणि चालीत त्याचा वाटा आहे की नाही हे त्याच दिवशी एका कागदावर लिहून दोघांनी सही करा, मैत्री असली तरी. मैत्री असली तर जास्तच.

मुंबईचं उत्तर राहिलं. जा, पण गाणी घेऊन जा, गाणी शोधायला नको. चार-पाच पूर्ण झालेली रेकॉर्डिंग, तुझ्या जिल्ह्यात ती वाजल्याचे व्हिडिओ, लोक सोबत गातायत असे, हे हातात असलं की तिथल्या एखाद्या ठिकाणी कार्यक्रम मिळवणं जमतं. परळ-लालबाग-डोंबिवलीतल्या आपल्या मंडळांपासून सुरुवात केलीस तर भाड्याचा खर्च तरी निघेल. तोपर्यंत ‘गोअन क्रेझी’ मिळवून हेडफोनवर ऐक, प्रत्येक गाण्यात एका वेळी किती वाद्यं वाजतायत ते मोजत ऐक, आणि मग ते मच्छीमारवालं गाणं आठ ट्रॅकमधे बांधून मला पाठव, बेस कमी-जास्त वाटला तर मी सांगतो.